पेटीतला रोबोट, वीस मिलिमीटरचे शाफ्ट आणि शनिवारचे दोन तास: बडोद्यातल्या एका शाळेचं प्रकरण

शाळेचं नाव लिहीत नाहीये, कंपनीचंही नाही, कारण नाव लिहिलं की सगळे नावावरच बोलत बसतात आणि मुद्दा राहतो बाजूला. एवढं पुरे की शाळा बडोद्याच्या जुन्या भागात आहे, दांडिया बाजारपासून चालत जाता येईल अशी, मराठी माध्यम, ट्रस्टची, ग्रँटेड. पट दरवर्षी थोडा थोडा उतरतोय, आई-बाबा दोघंही याच शाळेत शिकलेले असले तरी पोराला इंग्लिश मीडियममध्येच टाकतात, त्यात त्यांना तरी काय बोलायचं. आता येणारी मुलं म्हणजे रिक्षावाल्यांची, पोळ्या-भांडी करणाऱ्या मावश्यांची, छोट्या दुकानदारांची, काही महाराष्ट्रातून कामाला आलेल्या घरांतली. मी याच शाळेची, पुढे इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये नोकरी केली आणि आता माजी विद्यार्थी मंडळाच्या कमिटीत आहे, म्हणून हे सगळं जवळून बघितलं.

विषय असा की शाळेने सायन्स-गणित सुधारायला बाहेरच्या लोकांची मदत कशी घ्यावी, ज्याला हल्ली स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) पार्टनरशिप म्हणतात. आमच्या शाळेत ती दोनदा झाली, एकदा वरवर आणि एकदा खरोखर, आणि दोन्हींत काय फरक होता हे नीट लिहून ठेवावं असं वाटलं कारण आता आजूबाजूच्या शाळा विचारायला येतात.

मार्चमध्ये आलेली पेटी

पहिली पार्टनरशिप एका मोठ्या कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे कंपन्या समाजकार्यासाठी बाजूला काढतात त्या पैशातून. चांगली माणसं होती हं, त्यात शंका नाही. मार्चच्या मध्यावर टेम्पो आला, त्यात रोबोटिक्सची किट्स, आर्डुइनो बोर्ड (कोड टाकून चालवायचं छोटं सर्किट), सेन्सर, एक थ्रीडी प्रिंटर, दोन लॅपटॉप, भिंतीवर लावायचे रंगीत पोस्टर. रिबन, नारळ, फोटो, मुलांना पेढे. तेव्हा बोर्डाच्या परीक्षा चालू होत्या, शाळा सेंटर होती, अर्ध्या वर्गांत बाहेरगावची मुलं पेपर लिहित बसलेली, त्यामुळे सगळ्या पेट्या गेल्या स्टाफरूमच्या कपाटात आणि किल्ली गेली हेडसरांच्या ड्रॉवरमध्ये.

मार्चमध्येच का आल्या? हे समजून घेतलं तर निम्मी गोष्ट कळते. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, ज्या कंपन्या त्याच्या मर्यादेत येतात त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. हिशोबाचं वर्ष संपतं ३१ मार्चला. एका वर्षापुरतं काम असेल आणि पैसे उरले तर सहा महिन्यांत ते सरकारी फंडात भरावे लागतात, म्हणजे कंपनीच्या हातून जातात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळीकडे धावपळ सुरू होते. आणि आपली शाळा सुरू होते जूनमध्ये! म्हणजे वस्तू मिळते तेव्हा वर्ग नसतो आणि वर्ग भरतो तेव्हा देणारा माणूस पुढच्या प्रोजेक्टवर गेलेला असतो, फोन केला की सांगतात ते आता दुसऱ्या डिपार्टमेंटला आहेत.

मधे अख्खा उन्हाळा. बडोद्याचा उन्हाळा आणि पत्र्याचं कपाट. जूनमध्ये उघडलं तर किटमधल्या लिथियमच्या बॅटऱ्या मेलेल्या, त्या डिस्चार्ज अवस्थेत महिनोन्‌महिने पडल्या आणि सेलचा व्होल्टेज अडीच-तीनच्या खाली गेला की पुन्हा चार्ज घेत नाहीत, घेतल्या तरी भरवसा नाही. थ्रीडी प्रिंटरची पीएलए वायर (छपाईची प्लास्टिकची तार) पावसाळ्यातली दमट हवा पिऊन ठिसूळ झाली, प्रिंट करताना चटचट आवाज आणि मधेच तुटायची. नवीन रीळ आणायला पैसे कुठल्या हेडमधून काढायचे हे कुणालाच माहीत नाही, कारण देणगीत वस्तू होती, वस्तू चालवायचा खर्च नव्हता. ट्रेनिंग झालं होतं एक दिवस, हिंदीत, बाहेरगावाहून आलेल्या मुलाने दिलं, प्रोजेक्टरवर.

सायन्सच्या बाई मेहनती, पण त्यांच्या डोक्यावर बीएलओची म्हणजे मतदार यादीची ड्युटी, ऑनलाइन माहिती भरणं, एकम कसोटीचे (घटक चाचणीचे) पेपर तपासून मार्क चढवणं, आणि दहावीचा कोर्स. त्यांनी एक-दोनदा रोबोट लावून बघितला, चाक फिरलं, मुलं ओरडली, बेल झाली. मग पुन्हा कपाट. कंपनीला रिपोर्ट गेला त्यात लाभार्थी म्हणून शाळेचा सगळा पट लिहिलेला होता, पहिलीच्या पोरांसकट. खोटं म्हणावं तर खोटं नाही, सगळ्यांनी पेढे खाल्ले होते.

ट्रस्टमधल्या काहींचं म्हणणं, मग अटल टिंकरिंग लॅबसाठी अर्ज करूया, नीती आयोगाची योजना २०१६ पासूनची, २० लाख मिळतात, १० लाख उभारणीला आणि १० लाख पाच वर्षं चालवायला. ही योजना निदान चालवायच्या खर्चाचा विचार करते म्हणून मला आवडते. पण अटीत साधारण १५०० चौरस फुटांची जागा, आणि आमची इमारत जुन्या वाड्यासारखी, सगळ्यात मोठी खोली म्हणजे प्रार्थनेचा हॉल, त्याच्या मधोमध दोन खांब. भिंत पाडायची तर मग म्युनिसिपालिटी, आर्किटेक्ट, मग मूळ दात्यांच्या नातवंडांची परवानगी. तो विषय तिथेच थांबला.

बाईंनी मागितलं काय

माजी विद्यार्थी मंडळाची मीटिंग शाळेतच होते, उसळ-पाव आणि जुन्या सरांच्या नकला हा मुख्य अजेंडा. त्या वेळी कुणीतरी म्हटलं आपण सगळे मिळून स्मार्ट बोर्ड देऊया, नावाची पाटी लावूया. बाई कोपऱ्यात बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, वस्तू नकोत आता. मला शनिवारचे दोन तास जोडून मोकळे करून द्या, आणि असा एक माणूस द्या जो मी अडकले की फोन उचलेल."

मीटिंगमध्ये जरा शांतता झाली कारण पैसे देणं सोपं असतं. ट्रस्टी काकांना पटलं नाही, ते म्हणाले फुकट मिळतंय ते घ्यायचं सोडून तुम्ही लोकांचा वेळ काय मागता, वेळ कोण देतो. पण शेवटी हेडसरांनी ऐकलं. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यात आठवी-नववीचे दोन तास जोडले, एक चित्रकलेकडून घेतला (चित्रकलेचे सर दोन आठवडे बोलत नव्हते) आणि एक सायन्सचाच. सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महाग निर्णय हाच होता माझ्या मते, आणि त्याला एक रुपया लागला नाही. टाइमटेबलमध्ये जागा नसेल तर बाहेरून आलेला माणूस कितीही हुशार असो, तो पाहुणाच राहतो.

आणि हे बडोद्याला नवीन आहे असं कुणी समजू नये. शाळेच्या रस्त्याने जाताना कलाभवन ही जुनी तंत्रशाळा लागते, १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी सुरू केलेली, पहिले प्रिन्सिपल रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर. त्यांचा आग्रह असा की कारागिरांच्या मुलांना त्यांच्याच भाषेत विज्ञान आणि तंत्र शिकवायचं, रंगाई, विणकाम, यंत्रकाम, म्हणजे शहरात जे काम चालतं तेच वर्गात आणायचं. दादासाहेब फाळके इथे शिकले. पुढे १९०७ मध्ये अलेंबिक ही आजची औषध कंपनी उभी राहिली ती गज्जर आणि त्यांचे विद्यार्थी कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्यातून, म्हणजे कारखान्याने शाळेला मदत करायच्या ऐवजी शिकवणाऱ्यांनीच कारखाना काढला. आज आपण सीएसआर म्हणून हात पसरतो तेव्हा हे जरा आठवावं.

मकरपुऱ्याचे शाफ्ट

माझ्याहून दोन वर्षं पुढे असलेला एक दादा, त्याचं मकरपुरा जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातू कातायचं छोटं युनिट आहे, पंपांसाठी शाफ्ट म्हणजे फिरणारे दांडे आणि पिना बनवतो. तो म्हणाला मी शिकवू शकत नाही, मला बोलता येत नाही, पण माझ्याकडे रिजेक्ट माल पोत्याने पडलाय, हवा तर घ्या. बाईंनी घेतला. वीस मिलिमीटरचे शाफ्ट, त्याला वर-खाली फक्त ०.०२ मिलिमीटरची सूट. मुलांनी शाळेच्या लॅबमधले व्हर्नियर (जाडी मोजायची सरकती पट्टी) काढले, सगळे शाफ्ट मोजले, आणि सगळे बरोब्बर २०.० आले! मुलं म्हणाली दादांनी चुकून चांगला माल फेकला.

तिथून गंमत सुरू झाली. शाळेचा व्हर्नियर ०.१ मिलिमीटरपर्यंतच दाखवतो, म्हणजे ज्या फरकावरून माल बाद झाला तो फरक त्या व्हर्नियरला दिसतच नाही. लघुतम माप, म्हणजे उपकरण वाचू शकतं ते सगळ्यात लहान माप, हा शब्द मुलं परीक्षेला पाठ करतात, एक मार्काला येतो, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. दादाने जुने दोन मायक्रोमीटर पाठवले, ०.०१ वाचणारे. आता प्रत्येकाचं माप वेगळं! एकच शाफ्ट पाच मुलांनी मोजला की पाच आकडे, कारण कुणी दाबून आवळतो कुणी सैल सोडतो. मग दादाच्या क्यूसीतला म्हणजे माल तपासणारा एक मुलगा आला, रॅचेट (मायक्रोमीटरच्या टोकाची फिरकी) कसं वापरायचं, कट-कट-कट वाजलं की थांबायचं, आधी शून्य तपासायचं, हे त्याने दाखवलं. हा मुलगा स्वतः आयटीआय झालेला, पहिल्या दिवशी इतका लाजत होता की फळ्याकडे तोंड करून बोलला, तिसऱ्या शनिवारी मुलं त्याला सर म्हणायला लागली तर शर्ट इस्त्री करून यायला लागला.

एका मुलीने विचारलं की दुपारी शाफ्ट गरम असतो तर तो फुगत नाही का. बाईंनी तिलाच हिशोब करायला लावला, पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतं, म्हणजे २० मिलिमीटरला २० अंशांचा फरक पडला तरी जेमतेम ०.००५, मायक्रोमीटरच्या एका घराच्याही अर्धं. तिचा प्रश्न चुकीचा नव्हता पण उत्तर "इथे नाही" असं होतं, आणि हे "इथे नाही" आकड्याने सांगता येणं मला फार मोठं वाटतं.

पण खरी उडी बाईंच्या डोक्यातून आली. त्या म्हणाल्या सगळे नापास झालेलेच का बघायचे, पास झालेले पण द्या, आणि ज्या क्रमाने मशीनवरून उतरले त्याच क्रमाने द्या. दादा कुरकुरला, डिस्पॅचचा माल आहे, दोन दिवसांत परत पाहिजे. शेवटी एका लॉटवर मार्करने नंबर टाकून दिला. मुलांनी मोजून आलेख काढला, आडव्या अक्षावर नंबर, उभ्यावर व्यास. आणि रेघ हळूहळू वर चढत गेली, सुरुवातीला १९.९९, मग २०.००, २०.०१, शेवटी २०.०२ च्याही पुढे. कापणारी टीप झिजत जाते, म्हणून धातू कमी कापला जातो, म्हणून व्यास वाढत जातो. दादाला हे माहीत होतं, प्रत्येक टर्नरला माहीत असतं, पण ऑपरेटर ऑफसेट (टीप थोडी पुढे सरकवणं) द्यायचा अंदाजाने, आणि असा आलेख काढायला कारखान्यात कुणाला वेळ नसतो. दादाने तो कागद लॅमिनेट करून मशीनजवळ लावला आणि किती जॉबनंतर ऑफसेट बघायचा हे ठरवून टाकलं. त्यानंतर शाळेसाठी वेळ मागायला त्याच्या मागे लागावं लागलं नाही. मला वाटतं पार्टनर टिकतो तो असा, त्याच्या हातात काहीतरी परत गेलं की. नुसत्या आभारपत्रावर एक वर्ष निघतं, जास्तीत जास्त दोन.

सगळं छान छान झालं असं नाही. तो लॉट परत गेला तेव्हा त्यावर बोटांचे ठसे उमटून गंज चढलेला, पोरांचे घामट हात आणि फिनिश केलेलं पोलाद. दादा भडकला, आणि बरोबर भडकला, त्याला पुन्हा पॉलिश करून द्यावं लागलं. तेव्हापासून हातमोजे आणि तेलाचं फडकं.

आणि कारखाना बघायला न्यायचं म्हटल्यावर आणखी एक अडचण आली जी कुठल्या योजनेच्या कागदात लिहिलेली नसते. नववीच्या मुलींच्या युनिफॉर्मला ओढणी. फिरत्या लेथजवळ ओढणी म्हणजे गळ्याला फास, दादाने स्पष्ट सांगितलं ओढणी, मोकळे केस, बांगड्या, चपला असं कुणी आत येणार नाही. दोन-तीन घरांतून विरोध, ओढणीशिवाय पोरगी बाहेर जाणार नाही. हेडसर म्हणाले मग मुलींना नकोच नेऊया, आणि इथे बाई अडून बसल्या. शेवटी तोडगा निघाला, लॅबचे जुने पांढरे एप्रन होते ते धुऊन काढले, गळ्यापर्यंत बटणं लावून मुली गेल्या, केस जाळीत, पायात पीटीचे बूट. आयांची बैठक घेतली, संमतीपत्रं घेतली, मशीनं बंद असताना आधी फिरवलं आणि मग पिवळ्या पट्टीच्या बाहेरून चालू मशीन दाखवलं. मुलींना नेणार नसाल तर नेऊच नका, असं माझं तरी मत आहे.

कपाट उघडलं ते टाकीमुळे

ऑगस्ट २०२४ चा पूर बडोद्यात कुणी विसरणार नाही, विश्वामित्री ३५ फुटांच्या पुढे गेली, घराघरांत पाणी, आणि सगळ्यांच्या फोनवर एकच प्रश्न, काळा घोडा पुलाशी नदी किती फूट, आजवा तलाव किती फूट. मुलांनी बाईंकडे हट्ट धरला की आपण नदीची पातळी मोजणारं यंत्र करूया. बाईंनी लगेच नाही म्हटलं, पूल, पूर आणि त्यात आपली मगरींची नदी, तिथे पोरं उभी करणार का! मग ठरलं शाळेच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. त्यासाठी लागला अल्ट्रासोनिक सेन्सर आणि तो होता कंपनीच्या पेटीत. म्हणजे पेटी वाईट नव्हतीच, तिला कारण मिळालं नव्हतं.

यासाठी जवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजची तीन मुलं यायला लागली. सेन्सर सोपा आहे, ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, तो पाण्यावर आपटून परत येतो, गेलेल्या वेळेवरून अंतर काढायचं. वर्गात बरोबर चाललं. गच्चीवर एप्रिलच्या दुपारी तपासलं, भिंतीपासून टेपने मोजून बरोबर दोन मीटरवर ठेवला तर तो दाखवतोय १.९१. नऊ सेंटीमीटर कुठे गेले? कॉलेजची मुलं वायरी हलवत बसली, कोड पुन्हा टाकला, सेन्सर बदलला, तरी तेच.

उत्तर नववीच्या पुस्तकात होतं. ध्वनीच्या धड्यात दिलंय, हवेत आवाजाचा वेग ० अंशाला सेकंदाला ३३१ मीटर आणि २२ अंशाला ३४४. म्हणजे एका अंशाला साधारण ०.६ ने वाढ. इंटरनेटवरून उतरवलेल्या कोडमध्ये वेग कायमचा ३४० धरलेला. गच्चीवर ४२ अंश, तिथे वेग जवळजवळ ३५६, म्हणून आवाज लवकर परत येतो आणि सेन्सरला वाटतं भिंत जवळ आहे. हे सांगितलं कुणी, तर वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या, गणितात काठावर पास होणाऱ्या मुलाने, आणि तेही विचारत विचारत, "बाई, उन्हात आवाज जास्त पळतो ना?" मग पेटीतलाच तापमानाचा सेन्सर जोडला आणि कोडमध्ये एक ओळ वाढवली. कॉलेजची मुलं हे स्वतः मजेत सांगतात, त्यांनाही शिकायला मिळालं. पावसाळ्यात टाकीतल्या वाफेने सेन्सर भिजून गेला, मग वॉटरप्रूफ आणला, तो जवळचं वीसेक सेंटीमीटर मोजतच नाही म्हणून उंचावर बसवावा लागला, असं करत करत चाललंय. शिपाई काकांना मात्र खरा फायदा झाला, मोटर बंद करायला गच्चीवर चढावं लागत नाही.

कॉलेजची मुलं नोव्हेंबरमध्ये परीक्षा आल्यावर गायब झाली. हे होणारच. त्यावर उपाय असा निघाला की त्यांच्या एका सरांना भेटून हे काम त्यांच्या प्रोजेक्टमध्ये धरायला लावलं आणि दर वर्षी तिसऱ्या वर्षाची मुलं दुसऱ्या वर्षाच्या मुलांना बरोबर घेऊन येतील असं ठरवलं. म्हणजे एक बॅच गेली तरी दुसरीला शाळेचा रस्ता माहीत असतो.

कागदावर काय लिहिलं

करारपत्र एकाच पानाचं, मराठीत आणि गुजरातीत. त्यात वस्तूंची यादी नाहीच. कोणत्या शनिवारी कोण येणार, येता आलं नाही तर गुरुवारपर्यंत कुणाला फोन करायचा, वस्तू बिघडली तर कोण दुरुस्त करणार, तार-बॅटरी-सेलोटेप असल्या किरकोळ खर्चाला दरमहा किती आणि ते कोण देणार, बाहेरचा माणूस मुलांबरोबर एकटा राहणार नाही, शिक्षक खोलीत असणारच, आणि मुलांचे फोटो विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. शेवटचं कलम बाईंचं, वर्षातून दोनदा सगळे पार्टनर एका टेबलावर बसतील आणि पुढच्या सहा महिन्यांचा कोर्स बघून ठरवतील की कोण कुठल्या धड्याला येणार. पूर्वी पाहुणे आपल्या सोयीने यायचे आणि गुरुत्वाकर्षण शिकवत असताना येऊन ड्रोन दाखवून जायचे.

मंडळींनी नियमित बसणं किती महत्त्वाचं याचं मोठं उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यात आहे. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांमध्ये प्रयोगातून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला, किशोर भारती आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने, पुढे १९८२ पासून एकलव्य संस्थेने सांभाळला. विद्यापीठांतले आणि मुंबईच्या टीआयएफआरसारख्या संशोधन संस्थांतले शास्त्रज्ञ यायचे, पण कणा होता तो शिक्षकांच्या मासिक बैठकांचा आणि किट पुन्हा भरून देण्याचा. तीस वर्षं चालला. २००२ मध्ये सरकारने एका निर्णयाने बंद केला. म्हणजे एवढं सगळं नीट करूनही वरून हात काढला की संपतं, हे पण त्यातून दिसतं, ते लपवायचं नाही.

कंपनीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षी त्यांचा पुन्हा फोन आला, जानेवारीत, आणखी किट देऊ का. या वेळी आम्ही तयार होतो. म्हटलं किट नको, हे काम तुमच्या बोर्डाकडून "चालू प्रकल्प" म्हणून मंजूर करून घ्या, नियमात तशी सोय आहे, सुरू केलेलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालवता येतं, उरलेले पैसे आर्थिक वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकले की मार्चची घाई उरत नाही. आणि पैसे द्या ते किरकोळ खर्चाला, दुरुस्तीला आणि बाईंना मदतनीस ठेवायला. त्यांच्याकडून आलेल्या मॅडमना हे पटलं, त्यांच्या वरच्यांना पटायला वेळ लागला कारण मदतनीसाच्या पगाराचा फोटो काढता येत नाही. अर्धं मान्य झालं. ट्रस्टचं १२ए आणि ८०जी (आयकरातल्या सवलतीच्या नोंदण्या) आधीच होतं, सीएसआरचे पैसे घ्यायला लागणारी सीएसआर-१ नोंदणी मात्र नव्हती, २०२१ पासून ती लागतेच, ती करण्यात आमच्या सीए काकांचे दोन महिने गेले. दुसऱ्या शाळांना सांगणं एवढंच की हे आधी करून ठेवा, पैसे दारात येऊन परत जातात.

जे सुटलं नाही ते

दहावीचा रिझल्ट उडी मारून वर गेला का? नाही. सायन्सचे मार्क थोडे बरे, गणित तसंच. जे बदललं ते परीक्षेत मोजलं जात नाही आणि मी त्याचा उगाच बाऊ करणार नाही. वर्गात प्रश्न जास्त येतात, आणि शनिवारी हजेरी बरी असते, पूर्वी शनिवारी अर्धा वर्ग रिकामा असायचा.

एका आईने बैठकीत उभं राहून विचारलं होतं, "आमच्या पोरांना कारखान्यात मजूर करायचा विचार आहे का? तुमची पोरं तर इंजिनीअर होतात." दादाला फार लागलं ते. मला वाटतं ती आई बरोबर विचारत होती. गरीब शाळेला लेथ दाखवायचा आणि श्रीमंत शाळेला टेलिस्कोप, हे होतंच आपल्याकडे. म्हणून आता आम्ही मुद्दाम दोन्ही बाजूंची माणसं बोलावतो, क्यूसीतला मुलगा पण आणि याच शाळेतून जाऊन औषध कंपनीत संशोधन करणारी ताई पण, आणि दहावीनंतरचे सगळे रस्ते, अकरावी सायन्स, डिप्लोमा, आयटीआय, फी आणि बसभाड्यासकट फळ्यावर लिहून दाखवतो. अकरावी सायन्सला मात्र माध्यम बदलावं लागतं, गुजराती नाहीतर इंग्लिश, आणि तिथे आमच्या मुली सगळ्यात जास्त गळतात. त्यावर अजून कुठल्याही पार्टनरकडे उत्तर नाही.

आणि मोठी भीती बाईंचीच. पट घसरला की वर्ग कमी होतो, वर्ग कमी झाला की शिक्षक फाजल म्हणजे जादा ठरतो, आणि फाजल झालेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत पाठवतात. सगळं एका माणसावर उभं आहे हे आम्हाला दिसत होतं, म्हणून गणिताच्या सरांना ओढलं, आणि जवळच्या एका गुजराती माध्यमाच्या शाळेलाही बरोबर घेतलं. त्यांच्या सायन्सच्या बेन उत्साही आहेत, मोजमापाच्या शीटचं त्यांनी आठवड्यात गुजराती करून टाकलं. फक्त त्यांचीही शाळा शनिवारी सकाळचीच आणि मायक्रोमीटर चारच, त्यातला एक शून्य दाखवत नाही. पहिले दोन तास कुणाचे आणि नंतरचे कुणाचे, मधल्या सुट्टीत पेटी घेऊन रस्ता कोण ओलांडणार, यावर सध्या दोघींचं बोलणं चालू आहे, आणि दादा म्हणतोय भांडू नका, दिवाळीपर्यंत आणखी दोन देतो.